बोरमाळेतली लाख

बोरमाळेच्या प्रत्येक मण्याला दोन भोकं असतात. साखरपुड्यात मुलाकडच्यांनी मला जी माळ घातली, तिच्या मधल्या मण्याच्या एका भोकाशी लालसर तपकिरी रंगाचा एक थेंब थिजलेला होता. मोहरीपेक्षाही लहान. उजेडासमोर धरला की त्याची कड किंचित पारदर्शक दिसायची, आणि नखाने टोकरला तर तुटेल असं वाटायचं. मी टोकरला. तुटला.

इतर मुली साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी माळ घालून आरशासमोर उभ्या राहत असतील. मी ती खिडकीत बसून भिंगाखाली धरली होती.

"काय शोधतेयस गं त्यात?" बकुळमावशीने विचारलं. "सोनं खोटं वाटतंय का?"

"सोनं नाही बघत. आतली लाख बघतेय."

"अगं बाई! त्यांच्यासमोर असलं काही बोलू नकोस हं, वैजू."

मावशीची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि पोकळ असतात. ते दबू नयेत म्हणून आत लाख भरतात. पण जुना दागिना मोडायला नेला की सोनार लाखेचं वजन आधी वजा करतो, त्यामुळे बायका लाखेचा विषय काढत नाहीत. मी मात्र लाखेवरच जगत होते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत झाडांचे डिंक, राळ, नैसर्गिक रंग असल्या गोष्टी तपासायचं माझं काम होतं. आईवडील कराडला, मी मावशीकडे.

हे सगळं अठ्ठ्याऐंशी सालचं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि निर्णय न घेण्यात माझा हात कुणी धरला नसता. प्रयोगशाळेत याला काटेकोरपणा म्हणत. घरी याला घोळ म्हणत. साडी घ्यायला गेले की मी दोन-तीन दुकानांतल्या साड्यांचे पदर उन्हात धरून बघायची आणि हात हलवत परत यायची. लग्नाला होकार दिला होता, पण तोही निर्णय म्हणता येणार नाही. सुधन्वा उकिडवे हा मुलगा सरळ होता, इंजिनिअर होता, हसतमुख होता. नाही म्हणायला मला कारण सापडेना. होकारालाही कारण लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याला अरे म्हणायचं की अहो, हेसुद्धा माझं ठरत नव्हतं. म्हणून मी 'चहा हवाय का', 'कधी निघायचं' अशा वाक्यांवर चार महिने काढले. त्याला ते लक्षातही आलं नाही. तो दोघांपुरतं बोलायचा.

सुधन्वाची नोकरी भिलाईला होती. लग्नानंतर मी तिकडे जायचं, हे बैठकीत ठरलेलं. दर पत्रात तो विचारायचा, "राजीनाम्याचं काय झालं?"

मी कळवायची, "लिहायचाय."

त्याच काळात आमच्या प्रयोगशाळेत महिनाभरासाठी पिलार आली. पिलार वालेन्सियाची. पन्नाशीची, उंच, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. जुन्या चित्रांमधले रंग कशाचे केले आहेत ते तपासणं हा तिचा व्यवसाय होता, आणि आमच्याकडे ती लाखेचे नमुने न्यायला आली होती. तिच्याशी बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी स्पॅनिश शिकले होते. त्यातही हौस वगैरे काही नव्हती. जर्मनच्या वर्गाची वेळ जमत नव्हती.

पहिल्याच सकाळी पिलारने पर्समधून एक डबा काढला आणि केसांवर फस्सकन फवारा मारला. पुण्याच्या कोरड्या हवेत तिचे केस ऐकत नव्हते. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लाका'.

"हे काय?" मी विचारलं.

"केस जागेवर बसवायचं औषध," ती म्हणाली. "फर्निचरला चकाकी देतात तीही लाका. आणि माझ्या कामात लाका म्हणजे एक जुना लाल रंग. चित्रकारांचा शब्द आहे. मुळात अरबांचा असावा."

मी कपाटातून एक वाळकी फांदी काढून तिच्यासमोर ठेवली. फांदीवर कच्च्या लाखेची खरबरीत पुटं होती. "हा रंग यातून निघतो," मी म्हटलं. मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिला सांगितलं, की संस्कृतात लाक्षा, तिथून फारसीत गेला, फारसीतून अरबीत, आणि अरबांकडून तुमच्याकडे. आधी रंग आला, रंगाबरोबर नाव आलं. पुढे तुमचे चित्रकार तो रंग भलत्याच गोष्टींपासून करायला लागले तरी नाव तेच राहिलं. शेवटी ते जाऊन केसांवर बसलं.

पिलारने डबा पालथा करून पाहिला, जणू खाली गावाचं नाव लिहिलं असेल. मग फांदी उचलली आणि बराच वेळ हातात धरून बसली.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं, "माझ्याकडे येतेस? दोन वर्षं. जुन्या चित्रांतला लाल कुठे तुमच्या लाखेचा आहे आणि कुठे आमच्याकडच्या किड्यांचा, हे कुणीतरी नीट वेगळं करून दाखवायला हवं. पैशांची सोय झालेली आहे. फक्त माणूस हवाय."

"विचार करते," मी म्हटलं.

म्हणजे एका बाजूला 'लिहायचाय' आणि दुसऱ्या बाजूला 'विचार करते'. दोन्हीकडच्या माणसांना वाटत होतं की माझं उत्तर त्यांच्याच बाजूचं आहे. मी दोघांनाही खोटं सांगत नव्हते, याचं मला बारीकसं समाधानसुद्धा होतं. पिलारबद्दल मी घरी एवढंच सांगितलं होतं, की एक परदेशी पाहुण्या आल्या आहेत.

मावशीने आमचं केळवण एका रविवारी दुपारी ठेवलं. सुधन्वा रजा काढून आला होता. त्याची आई, मालूकाकू, साताऱ्याहून आल्या होत्या. मालूकाकू ठेंगण्या, ताठ, कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर मी आधीच विद्यार्थिनीसारखी उभी राहायची. पिलार त्याच संध्याकाळी मुंबईला निघणार होती, म्हणून मावशीने तिलाही जेवायला बोलावलं. मी नको म्हणायला हवं होतं. तेही माझं ठरेपर्यंत पिलार फुलं घेऊन दारात उभी होती.

पाट मांडले होते, रांगोळी काढली होती. माझ्या गळ्यात अर्थातच बोरमाळ. मावशीने आम्हा दोघांना ओवाळलं आणि निरांजनाचं ताट माझ्या डाव्या हाताला ठेवून ती वाढायला उठली. पिलार पाटावर कसं बसावं हे तीन प्रकारे करून पाहत होती.

पहिला घास झाला आणि पिलारने स्पॅनिशमध्ये विचारलं, "सांगितलंस का यांना?"

"काय म्हणतायत त्या?" मालूकाकूंनी विचारलं.

"अळूवडी आवडली म्हणतात."

मावशीने लगेच पिलारच्या ताटात आणखी तीन वाढल्या. पिलारला मराठीतला एकच शब्द येत होता, 'बास', आणि मावशीसमोर त्याचा काही उपयोग नव्हता.

"बास, बास," पिलार म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "मी संध्याकाळी निघतेय. गेल्या गेल्या मला नाव कळवावं लागेल. तुझं नसेल तर दुसऱ्या कुणाचं. मला राग येणार नाही. पण आज सांग."

"आता काय म्हणाल्या?" मालूकाकू.

"बासुंदीत जायफळ आहे का, असं विचारतायत."

"एवढं बोलल्या त्या! आणि नुसतं जायफळ?"

"स्पॅनिशमध्ये जायफळाला जरा लांब शब्द आहे, काकू."

मालूकाकूंनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. उत्तर बरोबर पण रीत चुकीची असली की त्या मुलींकडे असंच बघत असणार.

सुधन्वा खुशीत होता. "आमच्या क्वार्टरला मागे अंगण आहे, मावशी. झाडं लावू दे हिला. आणि वसाहतीतल्या शाळेत सायन्सच्या बाई हव्याच आहेत, मी बोलून ठेवलंय. इथल्या त्या लॅबचा वास तरी सुटेल हिच्या अंगाचा." तो हसला. त्यात वाईट काही नव्हतं. माझ्या हातांना स्पिरिटचा वास यायचा, हे खरंच होतं.

"हो," मी म्हणाले. मला अंगणही वाईट वाटत नव्हतं. शाळाही नाही. वाईट वाटेना, हीच तर सगळी अडचण होती.

पिलारचं लक्ष एव्हाना माझ्या गळ्याकडे गेलं होतं. "केवढे मोठे मणी! सगळं भरीव सोनं?"

"नाही, पोकळ. आत लाका आहे."

"लाका? आत?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की वाढणारी मावशी जागीच थांबली.

"लाका म्हणजे काय?" सुधन्वाने विचारलं.

मी सांगायला लागले. लाख, लाक्षा, फारसी, अरबी, चित्रकारांचा लाल रंग. रंग धुऊन काढल्यावर उरते ती राळ, तिची चकाकी, फर्निचर, केसांचा फवारा. हात खरकटा होता म्हणून डाव्या हाताने मी हवेत नकाशा काढत होते. सुधन्वाचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे शब्द आपला! आई, ऐकलंस? आपला शब्द पार स्पेनला जाऊन पोचला. त्यांना म्हणावं, सगळं इथूनच गेलंय."

"सगळं नाही," मी म्हटलं. "हा गेला. आणि सरळ नाही गेला. प्रत्येक मुक्कामावर थोडा बदलत गेला."

"पण लाख मुळात असते कशाची?" मालूकाकूंनी विचारलं. "झाडाची ना?"

इथे थांबता आलं असतं. 'झाडावर असते' म्हटलं असतं तर तेही खोटं ठरलं नसतं.

"किड्यांची," मी म्हणाले.

मालूकाकूंचा घास ताटात परत गेला. "किड्यांची?"

"म्हणजे आत किडे नाहीत. ते अंगाभोवती जे कवच करतात, ते. फांदीवर हजारो मिळून."

"वैजयंती, ही माळ गळ्यात घालून मी श्रावणात सोवळ्याने स्वयंपाक केलाय. गौरी जेवू घातल्यात."

"पण काकू, तुमचं सोवळं रेशमाचंच ना? तेही किड्यांचंच."

मावशीने डोळे मिटले. पातेल्यातल्या बासुंदीचा डाव तिच्या हातात तसाच राहिला.

मालूकाकू मुलाला म्हणाल्या, "ही नेहमी अशी बोलते का रे?"

"नाही गं आई. ही बोलतच नाही."

एवढ्यावर कुणीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. पण तेवढ्यात पिलारने विचारलं, "मला दिसेल का ती? दागिन्यातली मी कधी पाहिली नाही." आणि माझ्या डाव्या हाताला निरांजन होतं. तुपाची वात, सरळ, स्थिर ज्योत. आमच्या प्रयोगशाळेतला बर्नर इतका शांतपणे कधी जळला नव्हता.

मी हात धुतले आणि माळ गळ्यातून काढली.

"अगं, काय करतेस?" मावशी म्हणाली. "औक्षणाचं निरांजन आहे ते!"

"ज्योतीला लावत नाही, मावशी. नुसती ऊब. लाख उकळत्या पाण्याच्याही आधी मऊ होते. भोकाशी जरा फुगेल, ह्या बघतील, मी परत गार करीन. मण्याला काही होत नाही."

हे मी ज्या आवाजात म्हणाले, तो माझा शिकाऊ मुलांना समजावायचा आवाज होता. सुधन्वा वाकून बघायला लागला. मालूकाकूही, नको नको म्हणत, पाट पुढे सरकवून बसल्या. मी मधला मणी दोन बोटांत धरला आणि ज्योतीपासून बेताच्या अंतरावर नेला. लाखेचं गणित बरोबर होतं. भोकाशी एक लाल थेंब आला, फुगला, चमकला. पिलारने करंगळीचं टोक लावून मागे घेतलं, तर बारीक, लांबलचक, तांबूस तार निघाली. घरभर धुपासारखा वास पसरला.

"लाका!" पिलार पुटपुटली, देवळात बोलावं तशी.

चुकलं ते सोन्याच्या बाजूचं. सोनं उष्णता किती झटपट वाहून नेतं हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्या वेळी साफ विसरले होते. बोटांना चटका बसला. चटका बसला की माणूस वस्तू सोडतो. मी, नमुना सोडायचा नाही या प्रयोगशाळेतल्या सवयीने, बोटं आवळली. आतली लाख मऊ झालेली. मणी चिमटीत पापडासारखा दबला. मग मी सोडला, आणि माळ सुधन्वाच्या बासुंदीत पडली.

बासुंदीवर एक लालसर वर्तुळ हळूहळू पसरत होतं, आणि मला तशाही स्थितीत ते बघावंसं वाटत होतं.

"आईची माळ आहे ती!" सुधन्वाचा आवाज चढला. "तिच्या आजीची! तुला काही... केळवणाच्या दिवशी? निरांजनावर?"

"आमचा सोनार चांगला आहे हो," मावशी रडवेल्या आवाजात म्हणाली. "उद्याच्या उद्या नेऊ. कळणारसुद्धा नाही."

मालूकाकूंनी वाटीत बोटं घालून माळ बाहेर काढली, तांब्यातल्या पाण्याने धुतली, पदराला पुसली. दबलेला मणी उजेडात धरला. मग शेजारचा मणी अंगठ्याने दाबून पाहिला. तो दबला नाही. पुन्हा पहिला पाहिला.

"चांगलाच पोचा आलाय," त्या म्हणाल्या.

पुढे सोनाराने तो मणी बदलून दिला, आणि पोचा आलेला मालूकाकूंनी कापसात गुंडाळून मला पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. आता तो माझ्या टेबलावर असतो. लोक विचारतात तेव्हा मी त्याला नमुना म्हणते.

पण त्या दुपारी त्यांनी माळ मांडीवर ठेवली आणि माझा हात ओढून घेतला. "भाजलं का?"

"थोडं."

"पाण्यात धर." मी तांब्यात बोटं बुडवली. त्यांनी हात सोडला नाही. "राजीनामा दिलास का गं?"

"देणार आहे ना ती," सुधन्वा म्हणाला.

"मी तिला विचारलं."

"लिहायचाय," मी म्हणाले.

"साखरपुड्यापासून लिहायचाय?"

"...हो."

"चार ओळींचा असतो. मी लिहिलाय, लग्नाआधीच्या नोकरीचा." त्यांनी पिलारकडे मानेने खूण केली. "आणि ह्या बाई मघापासून तुला काय विचारतायत? जायफळ सोडून सांग."

तांब्यातल्या पाण्यात माझी बोटं मोठी दिसत होती. सुधन्वा रुमालाने शर्टावरचे बासुंदीचे थेंब टिपत होता आणि वर बघत नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते माळेबद्दलच असावं अशी मी आशा करत होते. नाही म्हणायला कारण अजूनही सापडत नव्हतं. पण मघाशी लाखेबद्दल बोलत असताना मला एकदाही वाक्य जुळवावं लागलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. तेवढी एकच नोंद. एका नोंदीवर निष्कर्ष काढू नये, असं मी आजही शिकवते.

तरी मी पिलारकडे वळले आणि स्पॅनिशमध्ये म्हणाले, "येईन."

ही माझी नेहमीची युक्ती होती. जिथे कुणाला कळणार नाही तिथे आधी थोडं करून बघायचं. बिघडलं तर धुऊन टाकता येतं.

पिलार हसली नाही, की तिने मला मिठी मारली नाही. करंगळीवरची लाख ती नखाने सोलत होती. तिने एकदा मालूकाकूंकडे पाहिलं, एकदा सुधन्वाकडे, मग माझ्याकडे.

"बास," ती म्हणाली. त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच लागू पडला.

"काय म्हणालीस तू त्यांना?" मालूकाकूंनी विचारलं. "आम्हाला कळेल असं सांग."

मी तांब्यातून हात काढला. बोटांना लाख चिकटली होती, ती तशीच राहू दिली.

"सुधन्वा," मी म्हणाले, आणि तो दचकला, कारण मी त्याला नावाने हाक कधी मारलीच नव्हती, "तू जरा इकडे बघ. काकू, मावशी, तुम्हीही ऐका. तो राजीनामा मी लिहिणार नाही. मला हे लग्न करायचं नाही. मी वालेन्सियाला जाणार आहे."